आकुंचित नांदी

“हा प्रोग्राम एकच प्रश्न विचारते, मामाजी. वाचू का लिहू?” संध्याने नाट्यमंडळाचा जुना लॅपटॉप सासऱ्यापुढे सरकवला. “तुम्ही फक्त ‘वाच’ म्हणायचं. ‘लिही’ले हात लावायचा नाही.”

बकारामने पडद्यावरील त्या काळ्या चौकटीकडे अत्यंत आदराने पाहिले. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना डोळ्यांपुढे जसा अंधार येतो आणि मग त्यातून हळूहळू मूर्ती प्रकट होते, तद्वत त्या काळोखात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ लुकलुकत होती. बोडीटोला नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर म्हणून त्याने आपले उभे आयुष्य अंधारात बसून वाचण्यातच घालविले होते. त्यामुळे वाचायचे की नाही, असे नम्रपणे विचारणारे यंत्र त्याला प्रथमदर्शनीच आपल्या जातकुळीतले वाटले.

“अन् सगळं याच्यातच हाये?” त्याने विचारले. “नांदी, घोड्याच्या टापा, विजेचा कडकडाट?”

“सगळं. कलाकारांची नावंसुद्धा. मी सगळ्याची एकच फाईल आवळून ठेवली. ‘वाच’ म्हटलं की ती स्वतःच उलगडते. आवाज भोंग्यातून येते, नावं मोठ्या स्क्रीनवर जाते.”

सडक अर्जुनीहून आत वळणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या बोडीटोल्याची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, दोन दिवसांवर येऊन ठेपली होती. मंडईच्या संध्याकाळी नाटक व्हायचे, आणि पडदा उचलण्यापूर्वी नांदी गायली जायची, हा त्या गावाचा पिढीजात दंडक होता. गावाचा तलाव ज्या पूर्वजांनी खोदला, त्यांनी त्याच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, एका देवी-आईची स्थापना केली होती. तिची नांदी झाल्यावाचून पडद्याच्या दोरीला कोणी हात लावीत नसे. नांदी झाली नाही तर मंडळी मुकाट्याने चटया गुंडाळून घरी जात, मग नाटकावर कितीही खर्च झालेला असो.

ही नांदी मंडळाच्या जुन्या गायिका सुशीलाबाईंनीच गावी, असा गावाचा आग्रह असे. परंतु कित्येक वर्षांपूर्वी ईश्वरदास मास्तरांनी भर प्रयोगात ऑर्गनची पट्टी चढवली आणि सुशीलाबाईंचा आवाज वरच्या सुरावर चिरकला. त्या गाणे अर्धवट टाकून उठल्या आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, “हा मानूस जोपर्यंत ऑर्गनवर बसन, तोपर्यंत माहा पाय स्टेजवर पडनार नाई.” मास्तर ऑर्गनवरून उठले नाहीत आणि सुशीलाबाई स्टेजवर चढल्या नाहीत. मधल्या काळात गावातील मुलींनी कशीबशी नांदी निभावून नेली, पण जुन्या लोकांच्या मते पाळीवरच्या आईने ती केवळ लेकरांचा हट्ट म्हणून चालवून घेतली होती.

यंदा मात्र बकाराम स्वतः त्यांच्या दारी गेला होता. पाय स्टेजवर पडणार नाही, आवाज पडला तर चालेल ना, अशी त्याने विनवणी केली. सुशीलाबाईंनी तीन दिवस विचार केला आणि आपल्या स्वयंपाकघरात, भिंतींना गोधड्या टांगून, संध्याच्या मोबाइलसमोर नांदी गायली. अट एकच घातली. “पडदा उचलायच्या आधी एकदाच वाजन. तुमी जर ते पानठेल्यावर वाजवत बसले, तर मी पुन्हा कधी तोंड उघडनार नाई. हे माहं शेवटचं, बकाराम.”

त्या शेवटच्या नांदीची जबाबदारी आता बकारामवर होती. म्हणून त्याने सुनेला पुन्हा खोदून विचारले, “पन आवळली म्हनजे नेमकं काय केलं? दाबलं? आवाज चेंदला तर नाई ना?”

संध्या नागपूरच्या एका कंपनीचे काम घरूनच करीत असे आणि यंत्राला सांगावयाच्या आज्ञा लिहिणे, हाच तिचा व्यवसाय होता. तिने क्षणभर विचार केला. “मामाजी, तुमच्या नाटकाच्या प्रतीत नांदीचं धृपद प्रत्येक कडव्यानंतर येते ना? तुम्ही ते दरवेळी पूर्ण लिहिता?”

“नाई. पहिला शब्द लिहितो, पुढं फुली मारतो. गानाऱ्याले तेवढं पुरते.”

“संगणकबी तेच करते. जे परत-परत येते ते एकदाच ठेवते, बाकी ठिकाणी खूण करते. वाचताना खुणेवरून सगळं जसंच्या तसं उभं करते.”

बकारामच्या अंगावर शहारा आला. एवढी वर्षे तो ज्या विद्येने अंधारात बसून मोठमोठ्या राजांना त्यांचे संवाद आठवून देत होता, तीच विद्या जगातील यंत्रांना शिकविण्यात आली होती, हे त्याला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या धाकट्या भावाच्या साक्षगंधासाठी सालेकशाकडच्या आपल्या माहेरी निघाली. “तिथं जंगलात रेंज नसते,” ती पायात चपला सरकवताना म्हणाली. “पन काही लागणारबी नाही. मूळचं फोल्डर बाजूले आहे, ते तसंच राहू द्या. माझा मोबाइल भरला होता, मी तिथलं पुसून टाकलं आहे.”

ती गेल्यावर बकाराम लॅपटॉपपुढे बसला. बसण्यामागे त्याचा हेतू शुद्ध होता. परंतु समोरच्या भिंतीवर नाटकाचे पोस्टर चिकटविलेले होते, आणि त्याची नजर नित्याप्रमाणे त्यावर गेली. नायकाचे नाव होते. खलनायकाचे होते. मंडपवाल्याचे होते, दिवे लावणाऱ्याचे होते, आणि ‘चहापाणी व्यवस्था’ या मथळ्याखाली दोघांची होती. प्रॉम्प्टरचे नाव कोणत्याच पोस्टरवर कधी आले नव्हते. संध्याने पोस्टरवरूनच नावे उतरवून घेतली होती. त्यामुळे त्या आवळलेल्या फाईलमध्येसुद्धा बकाराम नव्हता.

तो बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या प्रश्नाकडे पाहत राहिला. वाचू का लिहू? आयुष्यात त्याला हा पर्याय कोणीच दिला नव्हता. त्याने मनाशी विचार केला. उन्हाळ्यात तेंदूपानाचे पुडे बांधताना एखादे चांगले पान मागे राहिले, तर आपण ते बांधलेल्या पुड्यात हळूच सरकवतो; पुडा काही सुटत नाही, पानही वाया जात नाही. एवढ्या मोठ्या गठ्ठ्यात एक ओळ सरकविली तर त्याचे काय बिघडणार? सूनबाईने हात लावू नका म्हटले, ते काहीतरी चुकीचे लिहू नये म्हणून. आपण तर शुद्ध मराठी लिहिणार.

त्याने ‘लिही’ म्हटले. चौकटीने विचारले, काय लिहू? मग एकेक अक्षर शोधीत, दोन बोटांनी, त्याने टंकलेखन केले : “अंधारातून शब्दांचा दीप दाखविणारे साहाय्यवाचक : श्री. बकाराम.” ‘साहाय्यवाचक’ हा शब्द त्याने स्वतः योजला होता. प्रॉम्प्टरला इतका भारदस्त शब्द मराठीत असताना तो कोणीच वापरत नाही, याचे त्याला वैषम्य वाटे. त्याने कळ दाबली. निमिषार्धात उत्तर आले : लिहून झाले.

किती जागा लागली, हे पाहण्यास संध्याने त्याला शिकविले होते. त्याने फाईलवर बाण ठेवला. सकाळी जी फाईल कित्येकशे एमबीची होती, ती आता अवघी एक केबी झाली होती.

“प्रेमिला,” त्याने हाक मारली. “इकडं ये. हे पाह्य.”

त्याची पत्नी प्रेमिला हातातले सूप तसेच घेऊन आली. “काय झालं? बंद पडलं?”

“बंद नाई पडलं. आवळलं. संध्यानं आवळलं होतं, त्याच्यापेक्षाही आवळलं. म्या एक ओळ घातली अन् त्याले काय वाटलं कोन जाने, सगळं नाटक एका चिमटीत आनलं त्यानं.”

प्रेमिलाने लॅपटॉपकडे पाहिले, मग हातातल्या सुपाकडे पाहिले. “माह्या हातातली थैली एकदम हलकी झाली, तर मी आधी भोक पाहते, तांदूर कुठं सांडले ते.”

“तांदूर वेगळे अन् ज्ञान वेगळं.”

“असन बाप्पा,” ती म्हणाली आणि पाखडायला निघून गेली.

बकाराम मात्र त्या एका केबीपुढे हात जोडून बसला. मनुष्याच्या बुद्धीने एवढे मोठे नाटक, तीन अंक, घोडे, वीज आणि सुशीलाबाईंचा तो भरघोस आवाज, मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत निजविला होता. आणि त्याच दाण्यात, घोडे आणि विजेच्या शेजारी, त्याचेही नाव निजले होते. त्याला क्षणभर स्वतःच्या क्षुद्रतेची लाज वाटली आणि लगेच स्वतःच्या भाग्याचा अभिमान वाटला.

एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष भैयाजी आले. भैयाजींची बैलजोडी शंकरपटात धावत असे, आणि तिच्या प्रत्येक धावेचे चित्रीकरण त्यांनी मंडळाच्या लॅपटॉपवर साठविले होते. “का गा बकाराम, हा डब्बा जागा नाई म्हनून बोंबलून राहिला. कालच्या पटाचा व्हिडिओ टाकाचा हाये मले.”

बकारामने त्यांना चमत्कार दाखविला. भैयाजींनी चष्मा पुसून दोनदा पाहिले.

“एक केबी?”

“एक.”

“अन् पहिले किती होतं?”

बकारामने बाजूचे मूळ फोल्डर दाखविले. भैयाजी त्या आकड्याकडे आणि एका केबीकडे आळीपाळीने पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू अशी प्रसन्नता पसरली, जी बैलजोडी सीमारेषा ओलांडताना पसरत असे.

“मंग हे मोठं काऊन ठेवून राहिला? सारं त्या लहान्यात आलं ना?”

“सूनबाई म्हने, राहू द्या.”

“सूनबाईले काय ठाऊक तू याच्यानंतर किती आवळलं ते? तिनं आवळलं होतं अर्धं-मुर्धं. तू तर कळस केला.” भैयाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “माह्या बैलायले जागा दे.”

या युक्तिवादात बकारामला कोणतेही वैगुण्य आढळले नाही. किंबहुना, ज्या घरात दाण्याएवढे पीठ गावजेवण घालू शकते, त्या घरात पोती साठविणे हा अविश्वास आहे, असेच त्याला वाटले. त्याने मूळ फोल्डर पुसले. यंत्राने कायमचे पुसायचे काय, असे विचारले. “कायमचं म्हन,” भैयाजी म्हणाले, आणि त्याने तसे म्हटले. रिकाम्या झालेल्या जागेत भैयाजींची बैलजोडी धूळ उडवीत दाखल झाली.

सायंकाळपर्यंत ही वार्ता साऱ्या गावात पसरली. बकारामच्या अंगणात माणसे येऊन एक केबी पाहून जाऊ लागली. पंचायतीच्या भोंग्यावरून भैयाजींनी जाहीर केले की, आपल्या गावच्या प्रॉम्प्टरने संपूर्ण नाटक एका केबीत बसविले असून, प्रयोगापूर्वी त्याचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल. मुर्रीहून आलेल्या एका पाहुण्याने, आपल्या घरचे लग्नाचे व्हिडिओ असेच आवळून मिळतील काय, म्हणून चौकशी केली.

केवळ ईश्वरदास मास्तरांनी शंका काढली. ते तालमीच्या ओट्यावर ऑर्गन पुसत बसले होते. “एवढं गायलेलं एवढ्यात बसते? वाजवून दाखव जरा.”

“वाजवता येत नाई, मास्तर. बाईची अट हाये. पडद्याच्या आधी एकदाच.”

“बाईची अट,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी ऑर्गनची एक पट्टी विनाकारण दोनदा पुसली. “कोनत्या पट्टीत गायली?”

“तुमीच ऐका उद्या.”

मास्तरांनी अजून फडके खाली ठेवले नव्हते, हे बकारामच्या लक्षात आले.

मंडईच्या दिवशी दिवेलागणीला मैदान भरून गेले. ओट्याच्या एका अंगाला भाड्याने आणलेला मोठा स्क्रीन उभा होता. स्टेजपुढच्या खोलगट जागेत ऑर्गनवर ईश्वरदास मास्तर, त्यांच्या बाजूला तबलेवाला, आणि कोपऱ्यात नाटकाची प्रत व लॅपटॉप मांडून, खांद्यावर सत्काराची नवी शाल पांघरलेला बकाराम बसला होता. त्याच्या डोक्यावर तारेला टांगलेला माइक झुलत होता. पलीकडेच, बायकांच्या ताडपत्रीवर अगदी पुढे, आपली स्वतःची चटई अंथरून सुशीलाबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि ऑर्गनकडे पाठ केली होती. त्या आपलाच आवाज ऐकायला आल्या होत्या.

भैयाजींनी स्टेजवरून घोषणा केली. मैदान शांत झाले. यंत्राने त्याला विचारले, वाचू का लिहू? बकारामने पाळीवरच्या आईचे स्मरण केले आणि म्हटले, वाच.

मोठा स्क्रीन उजळला. त्यावर, बैलगाडीच्या चाकाएवढ्या अक्षरांत, एक ओळ प्रकट झाली :

अंधारातून शब्दांचा दीप दाखविणारे साहाय्यवाचक : श्री. बकाराम.

त्याने ते नाव वाचले. मग पुन्हा वाचले. एवढे मोठे, एवढे स्पष्ट, एवढ्या लोकांसमोर आपले नाव त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि त्यामुळे अक्षरे अधिकच झळाळू लागली. आता यामागून नांदी येईल, अशा भावनेने तो वाचत राहिला.

नांदी आली नाही.

“गानं कुठं हाये?” मास्तर ओठ न हलवता म्हणाले.

“उलगडून राहिलं.”

“कधी उलगडन? पुढच्या मंडईले?”

बकारामने पुन्हा ‘वाच’ म्हटले. स्क्रीन विझला, उजळला, आणि पुन्हा तेच नाव तेवढ्याच दिमाखाने उभे राहिले. पाठीमागे कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखविले. सूप घेऊन उभी असलेली प्रेमिला त्याला एकाएकी आठवली. थैली, तांदूळ, भोक. नांदी त्या दाण्यात नव्हती. ती कुठेच नव्हती. मूळ फोल्डरच्या जागी बैल धावत होते, मोबाइलवरचे पुसले गेले होते, आणि जिने ते शेवटचे म्हणून गायले होते ती पदराआड बसून वाट पाहत होती. मागच्या रांगांत चटया गुंडाळल्याची पहिली सळसळ ऐकू आली.

स्टेजसमोर पसरलेली ती शांतता बकारामच्या ओळखीची होती. नट मध्येच थांबतो, डोळे भिरभिरतात, आणि शेकडो माणसे एकाच वेळी श्वास धरतात, तेव्हाची ती शांतता. अशा शांततेपुढे बकारामने आजवर कधीच विचार केला नव्हता. विचार करायला वेळच नसतो. त्याच्या मनाने अजून काही ठरविले नव्हते, तोच त्याच्या तोंडाने सवयीप्रमाणे शब्द दिला.

“पाळीवरच्या,” तो कुजबुजला.

वरच्या माइकने तो शब्द उचलून सर्व मैदानावर टाकला.

“पाळीवरच्या आई गे, पडदा तुझ्या हाती,” असे पुढचे सर्व शब्द बायकांच्या ताडपत्रीवरून आले. बकारामने दिलेला शब्द उचलण्याची सुशीलाबाईंच्या गळ्याला अर्ध्या आयुष्याची सवय होती. त्यांचे ओठ हलले तेव्हा बहुधा त्यांनाही ते कळले नसावे. दुसऱ्या ओळीवर त्या क्षणभर थबकल्या. बकारामने, श्वासही न घेता, पुढचा शब्द दिला. त्यांनी तो घेतला. त्या उठल्या नाहीत, वळल्या नाहीत. पाय चटईवर होते, स्टेजवर नव्हते.

ईश्वरदास मास्तरांचे पाय आपोआप ऑर्गनच्या भात्यावर पडले. पहिला सूर उंच लागला. सुशीलाबाईंची पाठ ताठ झाली. मास्तरांनी बोट उचलले, खालची पट्टी चाचपली, तीही उंच वाटली म्हणून आणखी खाली उतरले, आणि जिथे त्या वृद्ध गळ्याला आधार हवा होता नेमके तिथे जाऊन थांबले. बकारामच्या आठवणीत मास्तर कोणासाठी खाली उतरल्याची ही पहिलीच वेळ होती.

सारे मैदान उभे राहिले. नांदीला उभे राहून हात जोडायचे, ही तिथली रीत. परंतु गाणारी बाई बसलेली असल्यामुळे ती गर्दीत कोणाला दिसेना, आणि आवाज तर माइकवरून भोंग्यातून येत होता. तेव्हा शेकडो माणसांनी भक्तिभावाने स्क्रीनकडे तोंड करून हात जोडले. पूर्ण नांदीभर ते श्री. बकाराम यांच्या नावापुढे नतमस्तक उभे होते. ते नाव विझविण्यासाठी बकारामला एक कळ दाबावयाची होती, पण त्याचा हात प्रतीवरच्या ओळीवरून हलू शकत नव्हता. पुढचा शब्द द्यायचा होता.

मग पडदा उचलला गेला. घोड्याच्या टापा तबलेवाल्याने वाजविल्या आणि वीज भैयाजींनी पत्रा हलवून पाडली.

दुसऱ्या दिवशी संध्या परतली. तिने फाईल उघडून पाहिली.

“मामाजी, ‘लिही’ म्हटलं की तो पाटी पुसूनच बसते. पहिलं असलेलं ठेवून पुढं जोडायचं, तर त्याले वेगळा शब्द आहे. मी तो तुम्हाले सांगितलाच नाही.”

“म्हनजे त्याच्यात माहं नावच होतं फक्त? ते आवळलेलं?”

“आवळलंबी नाही धड.” तिला हसू आवरेना. “एवढ्याशा ओळीत परत-परत येणारं काय आहे? गठ्ठा बांधला की दोरीचं वजन येतेच. तुमचं नाव मोकळं होतं तेव्हा लहान होतं. बांधल्यावर मोठं झालं.”

बकाराम थक्क होऊन बसला. यंत्राला एवढे कळते, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याने भैयाजींना जाऊन खरे काय ते सांगितले. भैयाजी मोठ्याने हसले. “लेका, मी समोर उभा होतो. स्क्रीनवर तुह्यं नाव आलं अन् नावातून गानं निघालं. बाईचा आवाज आता तेवढा राहिला काय? ते मशीनच होतं.” आणि त्यांनी बकारामला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले की, शंकरपटाचे सर्व व्हिडिओ त्यांना एका केबीत हवे आहेत, बैलाचे नाव तेवढे अगोदर टाकावे.

तेथून बकाराम सुशीलाबाईंकडे गेला. त्या दारात चटई टाकून लाखोळीच्या शेंगा सोलत होत्या. त्याने शाल घडी करून त्यांच्यापुढे ठेवली आणि घडलेले सर्व सांगितले; नाव, पाटी, बैल, काहीही वगळले नाही. “तुमचा आवाज माह्यानं गेला, बाई. सूनबाई म्हनते, पुन्हा घेऊ. या खेपेस ती स्वतः सांभाळन.”

“कायले?” सुशीलाबाईंनी शेंगा सोलणे थांबविले नाही. “तो डब्बा काय करते?”

“पहिला शब्द ध्यानात ठेवते. त्याच्यावरून बाकीचं सारं बाहेर काढते.”

“मंग तू इतके साल काय करून राहिला?”

पलीकडच्या आळीतून ऑर्गनचा आवाज येत होता. मास्तर नांदीची चाल वाजवीत होते, कालच्याच खालच्या पट्टीत, आणि एकच ओळ घोळवून घोळवून. सुशीलाबाईंनी ऐकले, आणि पायाने चटई थोडी त्या बाजूला सरकवली.

“तुही शाल घेऊन जाय,” त्या म्हणाल्या. “अन् मले एक सांग. काल शब्द एवढा उशिरा काऊन देल्ला? बसल्या-बसल्या जीव टांगनीले लागला होता माहा.”

बकारामने मान खाली घातली.

“माहं नाव वाचून राहिलो होतो, बाई.”